थाळनेरच्या किल्लेदाराचा अंगरखा: ४६ इंचात अडलेला हात ४२ इंचात मोकळा

तापीकाठचं थाळनेर शिरपूर तालुक्यात नव्याने सांगावं लागत नाही. फारुकी घराण्याची पहिली राजधानी इथली, आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेपुढे पडलेला किल्लाही हाच. मंदसोरच्या तहात होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला होता, तरी किल्ल्यातून गोळीबार झाला. मग किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. पण आतल्या दरवाजाशी बोलण्यात गफलत झाली, झटापट उडाली, इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतली अरब शिबंदी (किल्ल्यातले शिपाई) कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फासावर चढवलं. त्या फाशीवर पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातही वाद झाला.

शिवणकामाच्या लेखात हे आधी सांगितलं, कारण या अंगरख्याचं सगळं गणित त्या दरवाजातल्या झटापटीत आहे. तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलांनी या प्रसंगावर स्वतःची एकांकिका लिहिली. त्यात किल्लेदार आधी मांडी घालून मसलतीला बसतो. नंतर दरवाजात दोन्ही हात वर करून आपल्याच लोकांना थांबायला सांगतो. आणि शेवटी त्याचे हात पाठीमागे बांधून त्याला नेतात. बसणं, हात वर, हात मागे: तिन्ही वेळा कापडाचा ताण वेगवेगळ्या जागी येतो, आणि पोशाख मात्र एकच.

मुलांनी सुरुवातीला भाड्याचा अंगरखा आणला होता. तो होता चकचकीत साटिनचा, आतून शेरवानीच्या कटचा, पुढे वेलक्रो. शिरपूरचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि तालीम पत्र्याच्या हॉलमध्ये. पोरगा घामाने भिजायचा आणि हात वर केले की काखेतली शिवण उसवायची. तो परत गेला. मग ड्रेस मेकिंगचा कोर्स करणाऱ्या ग्रुपमधल्या दोन मुलींनी स्वतः ड्राफ्ट (कापण्याआधीचा कागदी आराखडा) काढायचं ठरवलं आणि खाकी कागदाची गुंडाळी घेऊन माझ्या क्लासवर आल्या.

मापं आणि पहिला ड्राफ्ट

मुलाची मापं अशी: छाती ४०, बरगड्यांखालची उंच कंबर ३६, तिरा (खांद्यांची रुंदी) १८, बाही २४, दंड साडेतेरा, खांद्यापासून उंच कंबरेपर्यंत १६, पूर्ण उंची खांद्यापासून ४२. खांदे थोडे उतरते. शेतात काम केलेलं अंग असल्यामुळे पाठ रुंद आणि दंड भरलेला.

मुलींचा ड्राफ्ट नीटनेटका होता, हे आधी सांगते. कोर्समध्ये शिकवतात तसा कुर्त्याचा मूळ ड्राफ्ट घेऊन त्यांनी त्याचा अंगरखा केला होता. छाती ४० ला ६ इंच ढिलाई धरून ४६ केली. मुंढा (बाही जोडायची जागा) खोल घेतला, पुढचा मुंढा मागच्यापेक्षा पाऊण इंच जास्त कोरला, बाहीला पाच इंच उंचीचा गोल (मुंढ्याला जोडायची वरची कमान) काढला. छातीवर अंगरख्याचं गोल वळण आखलं आणि कंबरेखाली घेर लावला. माया (शिवणीसाठीचं जादा कापड) सगळीकडे सारखी सोडलेली, खुणा जुळणाऱ्या. मांजरपाटावर कापून कच्चं शिवूनही आणलं होतं.

मुलाने घातला. उभा राहिला तेव्हा छान दिसला. मी म्हटलं, "आता दरवाजातला प्रसंग कर बरं." त्याने हात वर केले आणि अख्खा अंगरखा त्याच्याबरोबर वर गेला. कंबरेची शिवण छातीशी आली, खालचा काठ वीतभर उचलला गेला, गळ्यामागे कापडाचा ढीग झाला. पोरगा अहिराणीत म्हणाला, "ताई, काखमा दाटी ऱ्हायनं."

४६ इंचाचा कपडा ४० च्या छातीवर, आणि तरी काखेत दाटतंय! मुलींनी लगेच उपाय सुचवला: "मॅडम, मुंढा अजून एक इंच खाली घेऊ का?" हा उपाय जवळजवळ प्रत्येक शिकाऊ हाताला सुचतो आणि तो नेमका उलटा पडतो. त्याचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबते.

मी टेप त्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला धरला, काखेतून घेऊन कंबरेपर्यंत आणला. हात खाली असतानाचं माप घेतलं, मग हात वर करायला सांगून पुन्हा घेतलं. फरक साडेचार इंच निघाला. म्हणजे हात वर करताना कपड्याला काखेखालून तेवढी जास्त लांबी द्यावी लागते. ती कुठून देणार? बाहीचा गोल उंच असला की बाहीची खालची शिवण आखूड होते. मुंढा खोल केला की बगलेची शिवण (काखेपासून कंबरेपर्यंतची उभी शिवण) खालून सुरू होते, म्हणजे अंगाची बाजूही आखूड. दोन्हीकडून लांबी कमी झाल्यावर हात वर जाताना अख्ख्या कपड्याला ओढणारच. छातीला सहा इंच ढिलाई दिली काय न् दहा दिली काय, ती आडवी ढिलाई. लागते आहे ती उभी, तीही फक्त काखेत.

आजच्या शर्टाचं कटिंग हात खाली सोडून उभ्या असलेल्या माणसासाठी असतं. त्यात तो सुबक दिसतो, काखेत सुरकुती पडत नाही. नाटकातला माणूस तसा उभा राहत नाही, आणि १८१८ मधला घोड्यावर बसणारा, तलवार चालवणारा माणूसही राहत नसणार.

कोपरी उलटी करून पाहिली

आमच्या बाजारपेठेत एक जुने शिंपी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. बंड्या आणि कोपऱ्या शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खानदेशातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या अंगात अजूनही दिसते ती कोपरी. आप्पांकडून एक वापरलेली कोपरी मागून आणली, उलटी केली आणि टेबलावर पसरली. मुलींना म्हटलं, यात मुंढ्याचा गोल शोधा.

सापडला नाही, कारण नव्हताच. पाठ सरळ पट्टीची, पुढचे दोन भाग सरळ पट्टीचे, बाही सरळ. बाही खांद्याच्या टोकाच्या खाली, दंडावर उतरून जोडलेली. आणि काखेत हाताच्या तळव्यापेक्षा लहान असा एक चौकोन, कोनावर उभा बसवलेला. एक टोक बाहीच्या शिवणीकडे, समोरचं टोक बगलेच्या शिवणीकडे, उरलेली दोन पुढे आणि पाठीकडे. वापरून वापरून कापड विरलेलं होतं, पण त्या चौकोनाची एकही शिवण सुटलेली नव्हती.

या तुकड्याला बगल म्हणतात. हात खाली असतो तेव्हा तो पुढच्या-मागच्या टोकांच्या रेषेवर दुमडून काखेत दडून बसतो. हात वर गेला की उघडतो आणि बाही व कंबर यांच्यामध्ये आपली कर्णाची लांबी घालतो. साडेचार इंच बाजूच्या चौकोनाचा कर्ण सहा इंचांच्या वर जातो. आपल्याला हवे होते साडेचार. शिवणीत, घामाने चिकटण्यात थोडं जातं, म्हणून कर्ण मोठाच लागतो.

अंगरखा, जामा, बाराबंदी, कोपरी, ही सगळी एकाच कुळातली. कापड हातमागावरचं, पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद, सूत महाग. कात्रीने गोल कोरून चिंध्या उडवणं परवडत नसे. म्हणून आयताकृती तुकडे, कळ्या (वर अरुंद, खाली रुंद पट्ट्या) आणि काखेत बगल. आपण याला 'जुनं, ढगळ' म्हणून बाजूला टाकलं, पण या कटमध्ये हालचालीचा विचार आजच्या बाजारू ड्राफ्टपेक्षा कितीतरी खोल आहे. मला तो मनापासून आवडतो, आणि क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच एक बंडी हाताने कापायला लावावी असं माझं मत आहे.

नवा ड्राफ्ट

पाठ: २१ इंच रुंद, सरळ. तिरा १८ असल्याने दोन्हीकडे दीड-दीड इंच कापड दंडावर उतरतं. खांद्याला फक्त पाऊण इंच उतार, तोही या मुलाचे खांदे उतरते आहेत म्हणून. समोरचा भागही २१ रुंद. म्हणजे छातीला एकूण ४२, ढिलाई अवघी २ इंच. मुलींच्या चेहऱ्यावर शंका स्पष्ट दिसत होती. मुंढ्याची सरळ रेघ खांद्यापासून साडेसात इंच, त्याखाली साडेचार इंच बगलेसाठी, उरलेली बगलेची शिवण जेमतेम सव्वातीन इंचांची. कंबरेशी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घेतलं, म्हणजे पाठ २० आणि समोर २०.

बाही वर १५ इंच रुंद, गोल अजिबात नाही, वरची कड सरळ. लांबी २४ मधून दंडावर उतरलेले दीड वजा केले तर साडेबावीस, त्यात चुण्यांसाठी सहा वाढवले. त्या काळच्या बाह्या मनगटाशी चुण्या पडाव्यात इतक्या लांब असत. चुण्या शोभेच्या आहेतच, पण हात लांब केला की त्याच कापड पुरवतात. मोहरी (बाहीचं मनगटाकडचं तोंड) ९ ठेवली आणि मूठ जावी म्हणून ४ इंचांची चीर दिली.

बगल बसवणं हे यातलं एकमेव नाजूक काम. चारही बाजूंना अर्धा इंच माया सोडायची आणि शिवणीची रेघ चारही कोपऱ्यांत पेन्सिलने काढून घ्यायची. मशीन कोपऱ्यातल्या त्या बिंदूवरच थांबवायचं, सुई कापडात खाली ठेवून दाबपट्टी उचलायची, कापड वळवायचं आणि पुढची बाजू घ्यायची. शिवण मायेत एक टाका जरी पुढे गेली तरी बाहेरून सुरकुती येते आणि ती इस्त्रीने जात नाही. मुलींच्या पहिल्या बगलेत तसंच झालं. उसवून पुन्हा शिवली तेव्हा बिंदूवर बसली. कोपऱ्यात आतून पाऊण इंचाची सुती पट्टी टाचली, कारण फाटायचं झालं तर तिथूनच फाटतं.

मांजरपाटाचा दुसरा नमुना मुलाने घातला. आप्पा आले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हात वर कर, दखू दे माले." पोराने दोन्ही हात वर केले. कंबरेची शिवण दोन बोटं हलली, बस्स. गळ्यामागे कापड जमलं नाही. मग तो स्वतःच हात फिरवून, वाकून, धावून पाहायला लागला. ४६ मध्ये अडलेला माणूस ४२ मध्ये मोकळा होता.

हात खाली सोडल्यावर काखेपाशी दोन-तीन आडव्या-तिरप्या घड्या पडत होत्या. एक मुलगी त्या टाचणीने आत घ्यायला निघाली. मी थांबवलं. त्या घड्या म्हणजेच हात वर करताना लागणारं कापड. त्या घालवायच्या तर हालचाल घालवावी लागते. आणि रंगमंचावर त्या घड्यांमुळेच कपडा जुना, वापरातला, खरा वाटतो.

हात पाठीमागे बांधल्यावर

पहिला प्रश्न सुटला, दुसरा अजून बाकी होता, आणि माझ्या मते तोच जास्त अवघड. हात मागे बांधले की खांद्याची पाती जवळ येतात, पाठीवर कापड मोकळं पडतं आणि सगळा ताण पुढे, छातीच्या आडव्या रेषेवर येतो. कुर्त्याच्या ड्राफ्टमध्ये पुढचा मुंढा पाऊण इंच जास्त कोरलेला असतो, म्हणजे जिथे कापड हवं तिथूनच ते काढून टाकलेलं. सरळ कटमध्ये पुढची रुंदी मागच्याइतकीच राहिल्यामुळे निम्मं काम आपोआप झालं होतं.

उरलेला निम्मा त्रास अंगरख्याच्या वळणाचा होता. अंगरख्यात वरचा पल्ला गळ्यापासून छातीवर गोल वळण घेत बगलेकडे जातो आणि त्या गोलाच्या आत छाती झाकायला पडदा असतो. हे वळण कापताना कात्री उभ्या धाग्यावरून तिरक्या धाग्यावर जाते आणि तिरकं कापड ताणतं. हात मागे नेला की वळण भोकासारखं आ वासायचं आणि आतला पडदा ओढला जाऊन बनियन दिसायचं.

यावर दोन गोष्टी केल्या. वळणाच्या कडेला आतून उभ्या धाग्याची अर्धा इंची पट्टी लावली, आणि ती वळणापेक्षा किंचित आखूड घेतली. वळण २४ इंच भरलं, पट्टी साडेतेवीस. लावताना गळ्याशी आणि खालच्या टोकाशी सरळ ठेवली, ओढ दिली ती मधल्या सर्वात तिरक्या भागात. त्यामुळे कड छातीला धरून राहते. त्यावरून विटकरी लाल गोट (कडेची बारीक पट्टी) फिरवला. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेला लाल रंग त्या काळी सर्रास असे, त्या छटेच्या जवळ जाणारं सुती कापड दुकानात सहज मिळालं.

दुसरी गोष्ट पडद्याची. मुलींनी तो दोन्ही बाजूंनी शिवून टाकला होता, घालायला सोपं जावं म्हणून. आम्ही तो उजवीकडच्या आतल्या कडेलाच शिवला, डावीकडे मोकळा सोडला आणि तिथे आतून दोन बंद (बांधायच्या नाड्या) दिले, एक काखेखाली, एक कंबरेशी. रुंदीही दोन इंचांनी वाढवली. आता वरचा पल्ला एकीकडे सरकला तरी पडदा आपल्या जागी राहतो. त्यांचा एकमेकांशी संबंध फक्त उजव्या शिवणीत.

बंद डावीकडे बांधायचे, याबद्दल मी आग्रह धरला. मोगल काळापासून जाम्याचे बंद हिंदू डाव्या बगलेखाली आणि मुसलमान उजव्या बगलेखाली बांधत आले. किल्लेदार डावीकडे बांधणार, आणि शिबंदीतल्या अरबांना त्याच कटचा अंगरखा चढवायचा नाही, एवढं तरी आपण पाळलं पाहिजे. हे लहान मुद्दे प्रेक्षकांतल्या एखाद्यालाच कळतात, पण त्या एकासाठी ते करावेत.

झटापटीत एक शिपाई किल्लेदाराचा बंद ओढून तोडतो. प्रत्येक प्रयोगाला शिवण फाडून चालणार नाही. म्हणून वरच्या बंदाचं एक टोक टिचबटणावर लावलं, बटणाखाली आतून कापडाची जाड चकती दिली. ओढलं की 'टच्' करून सुटतं, प्रयोगानंतर पुन्हा बसवता येतं. बाकीचे बंद दुहेरी शिवणीचे.

घेर

घेराबद्दल थोडक्यात, पण हिशोबासकट. कंबरेची शिवण ४० आणि पुढे एकमेकांवर येणारा पल्ला १० असं धरलं तर घेराच्या वरच्या कडेला ५० इंच हवेत. सरळ पट्ट्या तीन घेतल्या: मागे १०, पुढे वरच्या पल्ल्याला १०, आतल्या पल्ल्याला ६. उरलेल्या २४ साठी आठ कळ्या, प्रत्येक वर ३ आणि खाली १२. खालचा घेर झाला १२२ इंच, दहा फुटांहून थोडा जास्त. मांडी घालून बसला तरी गुडघे झाकलेले राहतात.

कळीची एक बाजू सरळ आणि एक तिरकी ठेवली. अशा दोन कळ्या एकीला उलटी करून लावल्या की पूर्ण आयत होतो, चिंधी निघत नाही. माया धरून वर ४ आणि खाली १३, दोघींचे मिळून १७. म्हणजे ३६ इंच पन्ह्यात चार कळ्या बसतात आणि दोन इंच उरतात. जोडताना एकीची तिरकी कड दुसरीच्या सरळ कडेला. तिरकीला तिरकी जोडली तर दोन्ही ताणतात आणि शिवणीखाली काठ लोंबतो. इतकं करूनही शिवलेला घेर रात्रभर हँगरला टांगून ठेवला, मगच खालचा काठ सारखा कापून दुमडला. तिरक्या कापडाला लोंबायचं तेवढं आधीच लोंबू द्यावं.

कापड सुती, ३६ पन्ह्याचं, बिनरंगी. कापायच्या आधी रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री केली. कोरं सुती कापड आटतं आणि धुतल्यावर अंगरखा आखूड झाला तर त्यावर उपाय उरत नाही. घेराला प्रत्येकी २८ इंचांच्या तीन लांब्या, पाठ-समोरला मिळून ३४, बाह्यांना शेजारी-शेजारी ३०, असे एकूण १४८ इंच. आतला पल्ला, पडदा आणि बगला पाठ-समोरच्या शेजारी उरलेल्या १४ इंची पट्टीत बसल्या. बंद आणि पट्ट्यांसाठी थोडं जास्तीचं धरून सव्वाचार मीटर घेतलं.

मुलांच्या दिग्दर्शकाला जरीचा काठ आणि मखमल हवी होती, 'लांबून उठून दिसेल' म्हणून. मी जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात पुण्यात रंगवलेली चित्रं दाखवली. त्यात नाना फडणीसांसारखा माणूसही पांढऱ्या सुती कपड्यांत बसलेला आहे, आणि तरी नजर त्याच्यावरच जाते. तापीकाठच्या किल्लेदाराला मखमल कुठून चढवायची? लाल गोट, कंबरेला शेला, डोक्याला पागोटं. दिव्यांखाली पांढरं कापड फार चमकतं, म्हणून शिवून झाल्यावर चहाच्या पाण्यातून काढलं. तेवढ्यावर तो तयार झाला, आणि प्रयोगाच्या आधीच्या रंगीत तालमीत त्याने स्वतःहून पागोट्याचा जरीचा तुराही काढून टाकला.

बदली कलाकारासाठी

मुख्य मुलाची परीक्षा मध्येच आली तर म्हणून बदली कलाकार ठरवला होता. छाती ३६, अंगाने सडपातळ, उंची मात्र तेवढीच. नेहमीच्या ड्राफ्टमध्ये अशा वेळी मुंढा, गोल, खांदा, गळा सगळं नव्याने आखावं लागतं. इथे फक्त सरळ रेघा हलवायच्या होत्या. पाठ आणि समोर प्रत्येकी दोन इंच कमी, म्हणजे १९. कंबर ३६. बाही वर १४, बगल ४ इंचांची. घेरातल्या मागच्या आणि पुढच्या सरळ पट्ट्या दोन-दोन इंचांनी कमी करून ८ च्या केल्या, कळ्या तशाच ठेवल्या. वळणाच्या आकाराला हातही लावला नाही, ते मधोमध ठेवून बाजूंनी कमी केलं. मुलींनी हा ड्राफ्ट माझ्याशिवाय काढला आणि मांजरपाटाचा नमुना पहिल्या खेपेलाच बसला.

कागदी तुकड्यांवर त्यांना काही गोष्टी ठळक लिहायला लावल्या: उभ्या धाग्याची दिशा, माया धरली आहे की नाही, आणि बगलेच्या प्रत्येक कोपऱ्याजवळ तो कुठे जातो ते, म्हणजे 'बाही', 'कंबर', 'पुढे', 'मागे'. चौकोन चारी बाजूंनी सारखाच दिसतो, तो फिरवून लावला गेला तर कळतही नाही. आमच्या चौकोनाला त्याने फरक पडत नाही, पण पुढे कुणी बगल लांबट केली तर पडेल.

आणि ती लांबट करायची वेळ येते. कुणी हाच ड्राफ्ट जाड खादीत किंवा अस्तर लावून करणार असेल तर साडेचारची बगल अपुरी पडेल, कारण जाड कापड दुमडताना आणि उलगडताना स्वतःच जागा खातं. तिथे बाजू पाच इंच घ्या, आणि पेहराव घोडेस्वाराचा किंवा दांडपट्टा फिरवणाऱ्याचा असेल तर चौकोनाऐवजी समभुज तिरका आकार घ्या, बाही ते कंबर हा कर्ण लांब आणि पुढे ते मागे हा कर्ण आखूड. अंगाची बाजू तितकीच खाली उतरते हे लक्षात ठेवून बगलेची शिवण किमान दोन इंच उरते का ते आधी मोजा. उरत नसेल तर वरचा भाग एक इंच लांब करून कंबरेची शिवण खाली आणा. बगल मात्र लहान करू नका.